वाढलेला मुद्देमाल

ते प्रकरण मला आजही जसंच्या तसं आठवतं, कारण साऱ्या नोकरीत राष्ट्रीय संपत्तीच्या चोरीचा तपास माझ्याकडे एकदाच आला. ‘राष्ट्रीय संपत्ती’ हे शब्द माझे नाहीत. ते फिर्यादीत होते, आणि फिर्याद टाइप केलेली होती. जोयड्याच्या ठाण्यात टाइप केलेली फिर्याद येणं हीच तेव्हा घटना होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी जोयड्याला उपनिरीक्षक होतो. तालुक्याचं ठिकाण म्हणायचं, पण चारी बाजूंनी जंगल आणि मध्ये सरकारी कचेऱ्या. आमचे गुन्हे ठरलेले: सागवानाची चोरटी तोड, हातभट्टी, बांधावरची मारामारी आणि उळवीच्या जत्रेत कापलेले खिसे. जत्रेत खिसेकापू इतक्या नेमानं येत, की एखादा जुना दिसला नाही तर आमचा दफेदार त्याच्या प्रकृतीची चौकशी करी. दफेदार म्हणजे आमच्याकडचा हेड कॉन्स्टेबल. हा माझ्याहून वयानं मोठा, कन्नड, मराठी, कोंकणी तिन्ही भाषांत सारखाच तिरकस.

कुंभारवाड्याच्या बाजूला एका डोंगरावर बिनतारी संदेशाचा मनोरा होता. तिथवर वीज पोचली नव्हती. एका संशोधन संस्थेनं प्रयोग म्हणून तिथं फ्युएल सेल बसवला. हायड्रोजन वायू आणि हवा आत सोडायची, काही न पेटवता वीज घ्यायची, असं ते यंत्र. आत काळ्या कार्बनच्या पाट्यांची चळत, पाट्या तीव्र आम्लात भिजलेल्या, आणि त्यांवर प्लॅटिनमची अगदी पातळ पूड बसवलेली. उद्घाटनाला मंडप घातला, कोनशिला बसवली, पाहुण्यांनी बटण दाबलं आणि दिवा लागला. तो दिवा मंडपामागच्या डिझेल जनरेटरवर लागला होता. मला माहीत आहे, कारण जनरेटरपाशी गर्दी होऊ न देण्याचा बंदोबस्त माझ्याकडे होता.

पुढे यंत्र खरोखर चाललं, आणि काही काळानं थकलं. थकलेल्या पाट्या बाहेर काढून त्यांतलं प्लॅटिनम परत मिळवायचं, असं संस्थेत ठरलेलं होतं. पण पाट्या एकमेकींना चिकटल्या होत्या. पहारीनं सोडवताना त्यांचे तुकडे झाले, भुगा झाला. नगावर मोजण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा सगळं खताच्या रिकाम्या पोत्यांत भरून गावच्या सोसायटीच्या काट्यावर वजन केलं. दिवस भर पावसाळ्याचे. घाटरस्ता बंद. पोती मनोऱ्याखालच्या खोलीत ठेवली आणि खोली राखणदाराच्या हवाली केली.

होळीच्या सुमाराला प्रकल्पप्रमुख गाडी घेऊन आले. पोती त्याच काट्यावर घातली, तर वजन जवळजवळ पाचव्या हिश्शानं कमी. काटा बिघडला असेल म्हणून मी वजन-माप खात्याच्या शिक्क्याची वजनं आणून तपासला. काटा चोख निघाला. तेव्हा कमी झालेल्या वजनात प्लॅटिनम किती गेलं याचं त्रैराशिक प्रमुखांनी मांडलं आणि फिर्याद दिली. संशयित म्हणून एकच नाव होतं, राखणदाराचं.

राखणदार मूळ खानापूरकडचा. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत म्हाताऱ्या आईबरोबर राही. अनेक वर्षं रोजंदारीवर काढल्यावर त्याला नोकरीत कायम करण्याचा हुकूम नुकताच टाइप झाला होता आणि विभागीय कचेरीत सहीची वाट बघत होता. गुन्ह्यात नाव आलं म्हटल्यावर तो कागद तिथंच थांबला. माणूस दोषी ठरला असता तर हुकूम फाटला असता, आणि त्याच्या वयाला दुसरा हुकूम कोणी टाइप करत नाही.

मी त्याला ठाण्यात बोलावलं. बाकावर बसायला सांगितलं, तो जमिनीवर बसला.

“त्या खोलीतलं काही नेलंस?”

“न्हाई सायेब.”

“कुणाला दिलंस?”

“न्हाई जी. किल्ली माज्या करगुट्याला हुती. आंगूळ करतानाबी काडली न्हाई.”

दफेदार म्हणाला, “आंघोळ कधी केलीस ते सांग म्हणजे तपासाची तारीख ठरवता येईल.”

राखणदार हसला नाही. “सायेब, त्या काळ्या खापऱ्या नेऊन मी काय करू? माजी म्हातारी चुलीपुढं ठिवून घेणार न्हाई.”

खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. हा तेवढंच बोलला आणि गप्प बसला. मी त्याला घरी पाठवला. माझा त्याच्यावर विश्वास बसला होता, पण पोलिसाचा विश्वास केस डायरीत लिहिता येत नाही.

खबर मिळाली ती बसमधून. आमच्या भागात बस हेच वर्तमानपत्र होतं आणि कंडक्टर त्याचा संपादक. रामनगरच्या गाडीचा कंडक्टर चहा घेताना दफेदाराला म्हणाला, “अण्णा, होळीच्या आदी तुमच्या राखणदाराकडं झारेकरी उतरला हुता म्हाईत हाय का? गाडीत निसता ठणाणा करत हुता. म्हणं, वाईट माल दिला, आगीला दाद देईना.”

झारेकरी म्हणजे सोनाराच्या दुकानातला केर विकत घेणारा माणूस. सोनाराच्या भट्टीची राख, दुकानासमोरच्या गटाराची माती, कारागिराच्या बैठकीखालची धूळ, हे सगळं तो घेतो, जाळतो, धुतो, पारा घालून त्यातला सोन्याचा कण न् कण धरतो. हा झारेकरी दर वर्षी थंडी सरली की खानापूरहून रामनगरच्या सोनारांकडे येई आणि मध्ये चार दिवस गाववाला म्हणून राखणदाराच्या पडवीत मुक्काम करी.

आम्ही त्याला रामनगरच्या एका दुकानामागं गाठला. गटारात गुडघाभर उभा होता. हातातलं घमेलं खाली न ठेवताच म्हणाला, “चोरीचा माल मी घेत न्हाई सायेब. झाडलेला घेतो.”

“राखणदारानं काय दिलं?”

“झाडलेलंच. त्येच्या खोलीत बुट्टीभर काळा केर हुता. त्यो म्हणला, ‘मोठं सायेब म्हणत्यात ह्यात पांढरं सोनं हाय, बग तुज्या पाऱ्याला काय गावतंय का.’”

“मग?”

“मग काय. जाळला. दोन भाते फुंकले तवा कुटं जळला. धुतला. खाली जड काळी रेव बसली. मला वाटलं, आलं नशीब. पारा घातला, तर पारा शिवंना. मुशीत घालून आग दिली, तर रेव जशीच्या तशी. वितळंना, चमकंना.” त्यानं घमेलं हलवलं. “सायेब, जे पाऱ्याला धरत न्हाई आन् आगीला वितळत न्हाई ते सोनं न्हवं. पांढरंबी न्हवं आन् काळंबी न्हवं. आमच्या सात पिढ्यांचा कस हाय.”

सात पिढ्यांच्या कसानं प्लॅटिनम कधी पाहिलंच नव्हतं. पारा त्याला धरत नाही, आणि सोनाराच्या भट्टीत ते वितळतही नाही. हे मला पुढे कळलं. त्या वेळी मलाही त्याचं म्हणणं बिनतोड वाटलं.

“ती राख कुठं आहे?”

“तितंच टाकली. म्हातारीनं मागून घेतली, बियाला पायजे म्हणून.”

आम्ही पंच घेऊन राखणदाराच्या घरी गेलो. म्हातारी अंगणात सुपं सारवत होती. त्या भागात काकडी, दोडका, भोपळा यांचं बी राखेत घोळवतात, म्हणजे कीड लागत नाही, आणि गवताच्या पेंढ्यात घट्ट बांधून पुढच्या पेरणीपर्यंत चुलीवरच्या माळ्याला टांगतात. तो पेंढा खाली काढला, सोडला. आत काळी राख आणि बी.

“आजी, ही राख जप्त करावी लागेल.”

“कर की बाबा. बी माजं मला दे.”

“बी राखेत आहे, आजी. सगळंच जप्त होईल.”

“म्हंजे काकड्याबी चोरीच्या?”

पंचनाम्यात काय लिहावं हे ठाण्याचं लिखाण करणाऱ्या रायटरला कळेना. शेवटी मी चाळण मागवली, पंचांसमक्ष राख चाळली, राखेला सील केलं आणि बी सुपूर्दनाम्यावर म्हातारीच्या ताब्यात दिलं. तिनं अंगठा उमटवला आणि विचारलं, “कोर्टात काकडी आनून दावावी लागंल काय?”

राखणदार दाराशी उभा होता. चेहरा राखेसारखाच झाला होता. “सायेब, मी काय खोटं बोललो न्हाई,” तो म्हणाला. “तुमी इचारलं, काय नेलं का. त्यो केर हुता. मनोरा बगायला फुडारी येनार म्हणून खोली झाडून घे म्हणून सायबांनीच सांगितलं हुतं. केराला कुनी ‘नेलं’ म्हनत्यात व्हय?”

खरं तर त्यात तर्क होता. पण संशयिताच्या घरात प्लॅटिनमची राख मिळाली, त्याआधी त्यानं ‘काही नेलं नाही’ असा जबाब दिला, एवढ्यावर कायद्याचं काम भागतं. सर्कल साहेबांचा, म्हणजे माझ्या वरच्या सर्कल इन्स्पेक्टरांचा, फोन आला, “अजून अटक का नाही?” मी अटक केली. दुसऱ्या दिवशी त्याला जामीन मिळाला, पण कामावरून बंद केलं गेलं. प्रमुखांनी माझं अभिनंदन केलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुम्ही देशाची सेवा केलीत.” माझ्या खांद्यावर हात ठेवून लोकांनी जे जे म्हटलं आहे, त्यातलं फारच थोडं पुढे खरं निघालं.

दोषारोपपत्रासाठी तज्ज्ञाचा अहवाल हवा होता. राखेचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत गेला. पोतीही जप्त होऊन आमच्या मुद्देमालाच्या खोलीत आली होती. प्रयोगशाळेतल्या तपासनीस बाईंना पोत्यांतलंही प्लॅटिनम मोजायचं होतं. पत्रापत्री होईपर्यंत आषाढ लागला. पाठवण्याआधी पंचांसमक्ष पुन्हा वजन करायचं असा नियम, म्हणून सोसायटीचाच काटा ठाण्यात आणवून पोती त्यावर घातली.

वजन वाढलेलं होतं.

थोडंथोडकं नाही. मागच्या पावसाळ्यात संस्थेनं जे वजन लिहिलं होतं, त्याच्या अगदी जवळ जाऊन काटा थांबला. मुद्देमाल कमी होतो हे कुठल्याही ठाण्याला नवं नाही. वाढलेला मुद्देमाल मी सेवेत प्रथमच पाहत होतो.

दफेदारानं पोती उतरवून पुन्हा चढवली. “साहेब, गेलेलं परत आलं. चोरानं आपल्या कुलपातून आत येऊन आणून ठेवलं. आता किल्ली माझ्याकडं आहे, म्हणजे अटक मलाच करा.” मग म्हणाला, “नाहीतर उळवीचा देव पावला असं लिहा.”

दोन्हींपैकी काहीच मला केस डायरीत लिहिता येण्यासारखं नव्हतं. मी पोती होती ती जागा बघायला गेलो. छत गळत नव्हतं, भिंत कोरडी होती. पण पोत्यांखालची सिमेंटची जमीन ओली, चिकट, आणि जागोजाग खाल्ल्यासारखी झाली होती. आमच्या मेसमधलं मीठ आषाढात बरणीत पाणी पाणी होतं, ते आठवलं. मी तपासनीस बाईंना ट्रंक कॉल लावला. त्यांचा आवाज नेहमी कुणीतरी त्यांचं काम अडवल्यासारखा.

“पाट्या आम्लात भिजवलेल्या होत्या ना?” त्यांनी विचारलं.

“हो. फिर्यादीत तसं आहे.”

“फॉस्फोरिक आम्ल. ते हवेतलं पाणी पितं. तुमच्याकडं पावसाळ्यात हवा कसली असते?”

“हवा नसतेच बाई. पाणीच असतं.”

“मग झालं. पावसात पोती पाणी पिऊन जड होतात, उन्हाळ्यात वाळून हलकी होतात. तुम्ही बाष्पीभवनावर गुन्हा दाखल केला आहे, इन्स्पेक्टर.”

मी खुर्चीत बसलो. हसू येईल असं वाटलं, पण आठवली ती अटकेच्या कागदावरची माझी सही.

पण बाईंचं फोनवरचं बोलणं पुरावा होत नाही. त्यांनीच मार्ग सांगितला: एक पोतं उबदार जागी ठेवा, रोज वजन करा. ठाण्यात उबदार जागा एकच, मेसची चूल. तेव्हा राष्ट्रीय संपत्तीचं एक पोतं सीलसकट आमच्या स्वयंपाकघरात आलं. बाजूला पहाऱ्याला एक शिपाई. रोज दोन पंच येत, वजन बघत, चहा घेत आणि सही करत. पोतं दिवसागणिक हलकं होत गेलं. स्वयंपाकी वैतागला. “साहेब, हे उतरेपर्यंत मी भाकरी कुठं भाजू?”

आठवडाअखेर मी प्रमुखांना आणि सर्कल साहेबांना बोलावलं. पोतं त्यांच्यासमोर काट्यावर चढवलं. वजन उन्हाळ्यातल्या हिशोबावर येऊन टेकलं होतं. राखणदार बाकाजवळ जमिनीवर बसला होता.

प्रमुखांनी आकडे स्वतः पुन्हा मांडून बघितले. विद्वान माणूस, रसायन त्यांना माझ्याहून शंभरपट ठाऊक. फक्त ते ज्या शहरात शिकले तिथल्या प्रयोगशाळेत हवा कोरडी ठेवण्याचं यंत्र होतं. शेवटी म्हणाले, “तत्त्वतः हे अपेक्षितच होतं.”

“मग तत्त्वतः हा माणूस घरी जाऊ शकतो का?” सर्कल साहेबांनी विचारलं. मला त्यांच्याबद्दल प्रथमच आदर वाटला.

“पण त्याच्या घरातली राख?”

राखेचं उत्तर महिनाभरात आलं. बाईंनी पोती आणि राख दोन्ही मोजली होती. पद्धत त्यांनी अहवालात लिहिली होती: कार्बन जाळायचा, उरलेलं अम्लराजात, म्हणजे सोनंही पचवणाऱ्या तीव्र आम्लात, विरघळवायचं, त्यात नवसागर घालायचा. पिवळा साका खाली बसतो, तो तापवला की करड्या स्पंजासारखं प्लॅटिनम उरतं, ते वजन करायचं. नवसागर तर झारेकऱ्याच्या पिशवीत नेहमीच असे. पण साका पिवळा दिसला असता तर त्यानं तोही गंधक समजून टाकून दिला असता. अहवालाचं सार असं, की यंत्रात मुळात घातलेलं प्लॅटिनम जवळजवळ सगळं पोत्यांत होतं. जी किरकोळ तूट होती ती त्या राखेनं भरून निघाली. म्हणजे काही चोरीला गेलंच नव्हतं. जे खोलीच्या जमिनीवर सांडलं, ते साहेबांच्या हुकमानं झाडलं गेलं होतं.

मी बी रिपोर्ट लिहिला. आमच्याकडे गुन्हा घडलाच नाही असं न्यायालयाला कळवायचं तर तो द्यावा लागतो. आयुष्यात इतक्या आनंदानं मी दुसरा कागद लिहिला नाही. न्यायालयानं तो मान्य केला. विभागीय कचेरीतल्या हुकमावर सही झाली. राखणदार तो दाखवायला ठाण्यात आला, आणि पहिल्यांदाच बाकावर बसला.

“आता आंघोळ करताना किल्ली काढतोस का?” दफेदारानं विचारलं.

“न्हाई अण्णा. आता तर कायम झालो.”

म्हातारीनं त्याच्याबरोबर काकड्या पाठवल्या होत्या. दफेदारानं एक मोडून मीठ लावलं आणि म्हणाला, “साहेब, ह्या सुपूर्दनाम्यातल्या. खाल्ल्या तर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा होतो.” आम्ही तो केला.

या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. ‘काही नेलंस का’ असं विचारलं की माणसाला किमती वस्तू आठवतात, केर आठवत नाही. तेव्हापासून मी ‘तिथून निघताना हातात काय होतं’ असं विचारू लागलो आणि बरेच तपास त्यानंच सुटले. दुसरी गोष्ट अशी, की मोठ्या शब्दांत आलेली फिर्याद आधी वाळू द्यावी. ऋतू बदलला की तिचं वजनही बदलतं. या दोन गोष्टी मी पुढे प्रशिक्षण केंद्रात नव्या मुलांना सांगत असे. राष्ट्रीय संपत्तीचं रक्षण हे पोलिसाचं परमकर्तव्य आहे, हेही सांगत असे, कारण ते अभ्यासक्रमात होतं.

न्यायालयाच्या आदेशानं राखेतून निघालेलं प्लॅटिनम संस्थेच्या हवाली करायचं होतं. ते प्रयोगशाळेतून ठाण्यात आलं ते कागदाच्या पुडीत, पुडीला दोरा, दोऱ्यावर लाखेची सीलं. पावतीवर वजन लिहायचं म्हणून रायटरनं गावच्या सोनाराचा नाजूक काटा आणला, आणि आम्ही पुडी सोडून आतलं आणि बाहेरचं वेगवेगळं तोललं. लाख जास्त भरली.